सरकारी दवाखान्यातला कुटुंब नियोजन कक्ष : सगळं फुकट, पण विचारणाऱ्यालाच

आमच्या तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या कुटुंब नियोजन कक्षाला मी पाचातले साडेतीन स्टार देतेय. त्यातले तीन तिथल्या समुपदेशक ताईंचे आणि उरलेला अर्धा सगळं फुकट मिळतं त्याचा. दीड कशाचा कापला ते सांगते, जरा लांबण लागेल, पण या विषयावर मराठीत लिहिणारे एकतर डॉक्टर असतात नाहीतर गोळ्या विकणारे, वापरणारी बाई कोणी लिहीत नाही, तेव्हा घ्या सांभाळून.

दवाखान्याचं नाव टाकत नाहीये. छोटं गाव आहे, नाव टाकलं की कुठल्या सिस्टरबद्दल बोलतेय ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळेल आणि मला पुढच्या वेळी परत तिथंच जायचंय. तसंही साधनं सगळीकडे तीच असतात, गडचिरोलीत काय आणि सिंधुदुर्गात काय, फरक पडतो तो देणाऱ्या माणसाचा.

कक्ष म्हणजे प्रसूती वॉर्डाच्या अलीकडची खोली. दारावर लाल त्रिकोण, आत टेबल, दोन खुर्च्या, एक स्टूल, पडद्यामागे बेड, भिंतीवर अंतरा इंजेक्शन आणि छाया गोळीची पोस्टरं. बाहेर भिंतीवर निरोधचा डबा, ज्याला पाहिजे त्यानं घ्यावा, नाव नाही गाव नाही, कोणी विचारत नाही. कल्पना एक नंबर. पण डबा लावलाय कुठे, तर केसपेपरच्या रांगेच्या बरोब्बर समोर! अख्खी रांग बघत असताना कोण माईचा लाल त्यात हात घालणार? ताई म्हणाल्या दुपारी रांग संपली की डबा रिकामा होतो. म्हणजे लोकांना पाहिजे आहेत, फक्त कोणी बघायला नको. जिन्याखाली लावा म्हणून त्यांनी वर सांगितलंय म्हणे, पण भिंतीला भोक पाडायला पण परवानगी लागते बहुतेक.

खर्च शून्य. ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यात केसपेपरचे पण पैसे लागत नाहीत आणि ही साधनं तर त्याच्या आधीपासूनच फुकट.

आता ताई. टेबलाच्या खणात त्यांचा एक स्टीलचा ट्रे असतो, आपण बसलो की तो बाहेर काढतात आणि सगळं हातात देतात. निरोध, माला-एन गोळ्यांचं पाकीट, छायाची पट्टी, अंतराची बाटली, प्लॅस्टिकच्या पिशवीतली कॉपर टी, लाकडाचा एक लिंगाचा नमुना आणि गर्भपिशवीचं रबरी मॉडेल. जाऊबाई आणि मी दोघी बरोबर गेलो होतो. जाऊबाईंनी कॉपर टी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाल्या, एवढीच? त्यांच्या डोक्यात ती म्हणजे निदान बोटभर लांबीची लोखंडी काहीतरी वस्तू होती, कारण माहेरी कोणीतरी सांगितलेलं की तांबी वर चढत चढत काळजापर्यंत जाते. ताई हसल्या नाहीत हे मला फार आवडलं. त्यांनी रबरी पिशवी उघडून दाखवली, की बघा ही बंद पिशवी आहे, वर दोन्हीकडे केसाएवढ्या नळ्या आहेत, ही टी त्यातून जाणार कुठून? मग जाऊबाईंनी स्वतःच ती आत ठेवून बघितली, बाहेर काढली, परत ठेवली. पाच मिनिटांच्या त्या खेळात जे झालं ते दहा पोस्टरांनी होत नाही.

आणि त्या आधी हे विचारतात की तुम्हाला पाळणा लांबवायचाय की थांबवायचाय, अंगावर पाजताय का, बीपी, शुगर, कावीळ झालेली का, डोकं अर्धं दुखतं का, तंबाखू मिश्री लावता का. हे सगळं विचारून मग तीन-चार पर्याय पुढं ठेवतात आणि गप्प बसतात. "तुम्ही सांगा." आमच्याकडे डॉक्टर असं म्हणायला लागले तर बाई घाबरते, की यांना येत नाही का काय.

एकेका साधनाबद्दल माझं, घरातल्यांचं आणि शेजारचं ऐकलेलं सांगते, पण हे वाचून परस्पर काही घेऊ नका, प्रत्येकीचं अंग वेगळं.

मी कॉपर टी बसवलीय. दोन प्रकार असतात, ३८०ए दहा वर्षांची आणि ३७५ पाच वर्षांची, दोन्ही फुकट. हॉर्मोन नाहीत, त्यातलं तांबंच शुक्राणूंना निकामी करतं. बसवायला पाच-दहा मिनिटं, पाळी येऊन गेल्यावर किंवा संपता संपता बोलावतात, म्हणजे दिवस गेलेले नाहीत याची खात्री होते. दुखतं का? दुखतं. पाळीच्या पहिल्या दिवशी येते तशी जोराची कळ येते एकदोनदा, चिमटा बसल्यासारखं. "काहीच कळत नाही" असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, पण सहन होतं. पहिले काही महिने पाळीला जास्त जातं आणि पोट जास्त दुखतं, हे मला आधी सांगितलेलं म्हणून मी टिकले. ज्यांना सांगत नाहीत त्या दुसऱ्या महिन्यात काढून घेतात आणि गावभर सांगतात की तांबी वाईट. आधीच ज्यांना पाळीत खूप जातं, रक्त कमी आहे, त्यांनी हे तिथं बोलून दाखवा. टीचा दोरा हाताला लागतो का ते पाळीनंतर बघायचं. दोरा नवऱ्याला टोचत असेल तर तो कापून आखूड करून देतात, त्यासाठी टी काढायची गरज नाही, हे मी मुद्दाम लिहितेय कारण हा प्रश्न तोंडानं विचारायला बायकांना मेल्याहून मेल्यासारखं होतं.

बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत पण ती बसवता येते. सोय चांगली आहे, परत वेगळं यायला नको. पण इथं माझी एक मोठी तक्रार आहे, आमच्या नाही तर दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका दवाखान्याबद्दल. माझ्या आतेबहिणीला बाळंतपणात टी बसवली आणि तिला ते कळलं कधी, तर पोट दुखतं म्हणून काही महिन्यांनी सोनोग्राफी केली तेव्हा. सही घेतली होती म्हणे. कळा सुरू असताना समोर धरलेल्या कागदांच्या गठ्ठ्यावर बाई कशावरही सही करेल, तिला काय शुद्ध असते? टी चांगलीच होती, काही बिघडलं नव्हतं, पण तिनं ती रागानं काढून टाकली आणि आता कुठल्याच साधनाचं नाव काढू देत नाही. खरं तर नवव्या महिन्याच्या आधीच तपासणीला येते तेव्हा दोनदा शांतपणे विचारायला पाहिजे आणि आमच्या ताई तेच करतात, गरोदर मातांच्या तपासणीच्या दिवशी त्या बाकावर जाऊन बसतात.

अंतरा म्हणजे इंजेक्शन, तीन महिन्यांतून एक. सरकारी दवाखान्यात २०१७ पासून मिळतंय. जाऊबाईंनी ते आधी एकदा उपकेंद्रात घेतलेलं, तिथं घाईत टोचलं, कार्ड हातात दिलं आणि पुढची बाई बोलावली. मग महिनाभर डाग लागत राहिले, थांबेनात, देवाधर्माचं करायची पंचाईत, सासूबाईंची कुरकुर, त्यामुळं दुसरं घ्यायला त्या गेल्याच नाहीत. ताईंनी सांगितलं की अंतरानं सुरुवातीला पाळी अशी अनियमित होणारच आणि काही इंजेक्शनांनंतर बऱ्याच जणींची पाळी बंदच होते, रक्त आत साठत नाही, अस्तर तयारच होत नाही म्हणून येत नाही, आणि सोडलं की परत येते. फक्त मूल पाहिजे असेल तर लगेच राहत नाही, शेवटच्या इंजेक्शननंतर सात ते दहा महिने धरून चालायचं. टोचलेली जागा चोळायची नाही, शेकायची नाही. तारीख चुकली तर चार आठवडे उशिरापर्यंत देतात, तरी चुकवू नये. एवढंच सांगायला पाच मिनिटं लागली असती पहिल्या वेळी. जाऊबाई आता परत घेतायत आणि खूश आहेत, कारण पाजणाऱ्या बाईला चालतं आणि घरात गोळ्यांचं पाकीट कोणाच्या हाताला लागत नाही. या शेवटच्या कारणासाठी अंतरा घेणाऱ्या बायका किती असतील ते विचारूच नका.

तक्रार : मधेच "स्टॉक नाही, पुढच्या आठवड्यात या". अहो तारखेचं इंजेक्शन आहे ते. मजुरी बुडवून आलेली बाई पुढच्या आठवड्यात परत कुठून येणार? अर्धा स्टार इथं गेला.

छायाबद्दल मला स्वतःला फार कौतुक आहे. आपल्या देशात तयार झालेली गोळी, लखनौच्या सीडीआरआय या सरकारी संशोधन संस्थेत शोधलेली, मेडिकलमध्ये नव्वदच्या दशकापासून सहेली नावानं मिळते, आणि तरी निम्म्या बायकांना माहीत नाही. हॉर्मोनची नाही, त्यामुळं मळमळ, वजन वगैरे भानगड नाही, पाजणाऱ्या आईला चालते. घ्यायची पद्धत नीट लक्षात ठेवावी लागते : पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, म्हणजे रविवारी सुरू केली तर रविवार आणि बुधवार, मग चौथ्या महिन्यापासून फक्त रविवार. शेजारच्या वहिनी घेतात, त्यांनी कालनिर्णयवर रविवार-बुधवारला टिकल्या चिकटवल्यात. पाळी लांबते यानं, कधी चाळीस दिवसांवर जाते, तेवढ्यात बाई हादरते, म्हणून ताई सोबत निश्चय किट देतात, घरी लघवीची तपासणी करायचं, ते पण फुकट. कावीळ किंवा पीसीओडी असेल तर छाया देत नाहीत. आणि सात दिवसांच्या वर चुकली तर परत पहिल्यापासून, आठवड्याला दोन.

माला-एन तर आपल्या आयांच्या काळापासूनची. अठ्ठावीस गोळ्या, एकवीस पांढऱ्या आणि सात लोहाच्या, रोज एक, चुकवायची नाही. ज्यांची पाळी अनियमित आहे किंवा खूप जातं त्यांना उलट बरी पडते. पाजत असाल तर पहिले सहा महिने नको, बीपी असेल तर नको. माझ्या एका मैत्रिणीनं सात लोहाच्या गोळ्या "कशाला उगाच" म्हणून फेकल्या आणि मग नवीन पाकीट कधी सुरू करायचं याचा गोंधळ घातला, तर त्या फेकू नका, दिवस मोजायला पण असतात त्या.

निरोध. १९६८ पासून आहे, त्या वेळी पंधरा पैशांना तीन. क्वालिटीबद्दल नवरेमंडळी नाकं मुरडतात, जाड आहे, वास येतो वगैरे. ठीक आहे, मेडिकलमधून दुसरा आणा, पण आणा. तेल, व्हॅसलीन, खोबरेल लावायचं नाही, रबर फाटतं. पाकिटात, गाडीच्या डिकीत महिनोन्‌महिने ठेवायचा नाही. ताईंनी आकडा सांगितला तो माझ्या लक्षात राहिला : लोक जसा खरंच वापरतात, म्हणजे कधी घातला कधी नाही, तसा धरला तर वर्षभरात शंभरातल्या साधारण तेरा जणींना दिवस जातात, गोळ्यांचं सात, इंजेक्शनचं चार, आणि कॉपर टीचं एकाहून कमी. पण आजारापासून वाचवणारं या सगळ्या ट्रेमध्ये तेवढं एकच आहे. बाकी कॉपर टी असो की ऑपरेशन, एचआयव्ही आणि गुप्तरोगाला त्यांचा काही उपयोग नाही. हे आमच्या मोठ्या नणंदेला पण माहीत नव्हतं, आणि त्या शिक्षिका आहेत.

आता ऑपरेशन. इथं आणखी अर्धा स्टार गेलाय.

कक्ष सोडून वॉर्डात गेलात की भाषा बदलते. "दोन झाली ना, मग करून टाक ऑपरेशन, कशाला ते रोजचं लफडं." ट्रे नाही, प्रश्न नाही. माझं दुसरं बाळंतपण झालं तेव्हा मला तीन वेगवेगळ्या माणसांनी हेच सांगितलं आणि नवऱ्याला एकानंही काही विचारलं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बघा, देशातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी ३७.९ टक्के बायकांचं ऑपरेशन झालेलं आणि पुरुषांच्या नसबंदीचा आकडा ०.३ टक्के. महाराष्ट्रात तर जवळपास निम्म्या बायका. बाईचं ऑपरेशन म्हणजे पोटाला छेद, भूल, नंतर काही दिवस जड उचलायचं नाही, आणि आमच्याकडे आठवड्यात ती शेतात असते. पुरुषाचं बिनटाक्याचं, वीसेक मिनिटांचं, जागा बधिर करून, त्याच दिवशी घरी. फक्त एक की त्यानंतर तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं, हे न सांगितल्यामुळं दिवस गेले आणि बिचाऱ्या बाईवर संशय घेतला असं पण झालेलं आहे आमच्या ओळखीत.

पुरुष का येत नाहीत याचं एक कारण सासरे सांगतात. ते झेडपीचे निवृत्त मास्तर. आणीबाणीत मास्तरांना "केसेस" म्हणजे नसबंदीला माणसं आणायचं टार्गेट होतं, नाही आणल्या तर पगार अडकायचा. १९७६ साली तर महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून वाचलो. त्या वर्षभरात देशात साठ लाखांच्या वर पुरुषांच्या नसबंद्या झाल्या. ती धास्ती एवढी बसली की नंतर सरकारनं पुरुषांचं नावच सोडलं आणि सगळा भार बायकांवर टाकला. त्यातून काय झालं तर २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडला बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली आणि तेराच्या आसपास बायका गेल्या. सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा म्हणून सांगितलं. आमच्याकडे आता ठरलेल्या वारी दवाखान्यातच करतात, थिएटर स्वच्छ आहे, डॉक्टर चांगले आहेत, त्याबद्दल काही म्हणणं नाही. म्हणणं एवढंच की आधी त्या ट्रेवरून बाईला जाऊ द्या.

"ताकद जाते", "ओझं उचलता येत नाही", "माणूस बायल्या होतो", हे सगळं आमच्या गल्लीतल्या शिकलेल्या लोकांकडून ऐकलंय. नसबंदीत फक्त शुक्राणू वाहून नेणाऱ्या नळ्या बंद करतात, बाकी सगळं होतं तसंच राहतं. दरवर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर पुरुष नसबंदी पंधरवडा असतो, फ्लेक्स लागतो. पण कक्षात पुरुषाला बसायला जागा कुठाय? एक स्टूल, त्यावर पण रजिस्टरं. माझा नवरा आला होता बरोबर, दारापर्यंत. आत तीन बायका बघितल्या आणि हेल्मेट मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसला तो शेवटपर्यंत तिथंच. त्याला पण दोष देणार नाही पूर्ण, त्याला आत या म्हणून कोणी म्हणालंच नाही. पुरुष कर्मचारी एक आहे, तो मलेरियाच्या ड्युटीवर.

एक माहिती बायकांनी पाठच करून ठेवा : स्वतःच्या ऑपरेशनला नवऱ्याच्या संमतीची सही लागत नाही. नियमातच तसं आहे. लग्न झालेलं असावं, वय २२ ते ४९, एक तरी मूल वर्षाच्या वरचं, आणि सही तुमची. शहरातल्या एका खासगी हॉस्पिटलात माझ्या मैत्रिणीला "मिस्टरांना घेऊन या, त्याशिवाय करत नाही" म्हणून परत पाठवलं, मिस्टर दुबईला. आमच्या कक्षात हा विषयच निघाला नाही.

तातडीच्या गोळीबद्दल थोडक्यात, कारण तिच्या जाहिराती सगळ्यांना पाठ आहेत. सरकारीत ती ईझी पिल म्हणून फुकट मिळते, आशाताईंकडे पण असते. ७२ तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी चांगली, आणि आधीच दिवस गेलेले असतील तर तिनं काही होत नाही, ती गर्भ पाडत नाही. आमच्या इथल्या एका मेडिकलवाल्याकडे कॉलेजची पोरं महिन्यातून तीन-तीनदा नेतात असं तोच कौतुकानं सांगतो. पाळीचं पार खोबरं होतं अशानं आणि रोजच्या साधनाइतकी ती भरवशाची पण नाही. पेपरात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून द्यायला त्याला बरं जमतं, पण एक वाक्य सांगायला जमत नाही.

यावरून लग्न न झालेल्यांचा मुद्दा. माझी चुलतबहीण पुण्याला नोकरी करते, सज्ञान आहे, कमावती आहे. सुट्टीला आली होती तेव्हा मीच तिला नेलं. ताई सुट्टीवर, त्यांच्या जागी बसलेल्या सिस्टरनी पहिला प्रश्न केला, "मंगळसूत्र दिसत नाही?" पोरगी उठून आली. गोळी किंवा निरोध घ्यायला लग्नाचा दाखला लागतो असा कुठलाच नियम नाही. गर्भपाताच्या कायद्यात पण २०२१ च्या दुरुस्तीत साधन फसल्याच्या कारणात नवऱ्याऐवजी जोडीदार हा शब्द आला, आणि २०२२ च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टानं लग्न न झालेल्या बाईला पण २४ आठवड्यांपर्यंतचा तो हक्क आहे हे स्पष्ट केलं. दिल्लीत एवढं होऊन गेलं आणि आमची सिस्टर मंगळसूत्र शोधतेय. उरलेला अर्धा तारा तिला अर्पण.

त्याच कॉरिडॉरमध्ये पुढं तीन खोल्या आहेत ज्या लोकांना माहीतच नसतात. एक सुरक्षा क्लिनिक, अंगावरून पांढरं जाणं, खाज, जखम, लघवीला जळजळ यासाठी. रंगीत किटमध्ये औषधं असतात, पांढऱ्या पाण्यासाठी वहिनींना हिरवं किट मिळालेलं मला आठवतं. काही आजारांत नवऱ्याला पण औषध घ्यावं लागतं नाहीतर परत होतं, आणि इथंच घोडं अडतं, कारण नवरा म्हणतो मला काय झालंय. शेजारी आयसीटीसी, एचआयव्हीची तपासणी फुकट आणि नाव बाहेर जात नाही. फोनवरच विचारायचं असेल तर १०९७, पैसे पडत नाहीत.

तिसरी खोली मैत्री क्लिनिक, किशोरवयीन मुलामुलींसाठी. बोर्ड सुंदर आहे. आत गेले तेव्हा सलाईनचे खोके रचलेले होते, पण ताई म्हणाल्या ठरलेल्या दिवशी उघडतात. त्या शाळेत पण जातात. माझ्या मुलाच्या शाळेत गेल्या तर मुख्याध्यापकांनी मुलींना हॉलमध्ये बसवलं आणि मुलांना ग्राउंडवर सोडलं खेळायला! पाळीबद्दल, पॅडबद्दल सगळं मुलींना, आणि मुलांना काय, तर क्रिकेट. ताईंनी दुसऱ्या दिवशी परत जाऊन आठवी-नववीच्या मुलांचा वेगळा तास घेतला, चिठ्ठ्यांवर नाव न लिहिता प्रश्न मागवले. निम्मे प्रश्न स्वप्नदोषाचे आणि "हातानं केलं तर अशक्तपणा येतो का" असले होते, आणि दोन चिठ्ठ्या अशा होत्या की कोणीतरी मोठा माणूस नको तिथं हात लावतो, कोणाला सांगू. त्या दोन चिठ्ठ्यांचं पुढं काय केलं ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, पण त्या शाळेत परत दोनदा गेल्या एवढं मला माहीत आहे.

२००७ साली याच राज्यात संस्कृती बिघडते म्हणून शाळांतलं लैंगिक शिक्षण बंद पाडलं होतं. आणि हे ते राज्य जिथं र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी कॉलेजातली नोकरी घालवली, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक पदरमोड करून चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, १९३४ च्या खटल्यात तर त्यांच्या बाजूनं डॉ. आंबेडकर उभे राहिले. त्या मासिकात लोक पत्रानं प्रश्न विचारायचे आणि हा माणूस सरळ उत्तरं छापायचा. ताईंच्या चिठ्ठ्यांतले प्रश्न वाचले असते तर कर्व्यांना काही नवीन वाटलं नसतं.

जायचं असेल त्यांच्यासाठी : सकाळी गर्दी असते, साडेअकरानंतर जा, आधार नेलंत तर बरं, पण साध्या चौकशीला लागत नाही. पाळीची तारीख लिहून न्या, चालू औषधांच्या चिठ्ठ्या न्या. नवऱ्याला न्यायचं असेल तर आत घेऊनच जा, स्टुलावरची रजिस्टरं मीच उचलून खाली ठेवली होती, कोणी काही बोललं नाही. ऑपरेशन गुरुवारी असतात, त्या दिवशी सगळ्या सिस्टर थिएटरला, कॉपर टीसाठी गुरुवारी जाऊ नका. आणि समुपदेशक ताई कंत्राटी आहेत, दरवर्षी ऑर्डर येईपर्यंत त्यांचं काही खरं नसतं, तेव्हा हा रिव्ह्यू वाचून जाणार असाल तर आधी फोन करून त्या आहेत का ते विचारा.